रेंज नाही, तरी अपडेट हवंच

सिक्युरिटी अपडेट म्हणजे शेवटी एक फाइल असते. ती ज्या संगणकात टाकायची, त्याच संगणकावर डाउनलोड केली पाहिजे असं काही नाही. घाटाखालच्या शाळांचे, सोसायट्यांचे आणि ग्रंथालयांचे संगणक मी सांभाळते. "मॅडम, इथं रेंजच नाही, अपडेट कुठून करणार?" असं कुणी विचारलं की मी आधी हेच सांगते.

"आमचा संगणक नेटला जोडलेलाच नसतो," असंही लोक म्हणतात. पण २०१० साली उघडकीला आलेला स्टक्सनेट हा घातक प्रोग्राम पसरला तो पेन ड्राइव्हमधूनही. १२ मे २०१७ला वॉनाक्राय या दुसऱ्या घातक प्रोग्रामने सुमारे दीडशे देशांतले संगणक अडवून खंडणी मागितली. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांत ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द झाल्या. तो ज्या फटीतून शिरला, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. ते अनेकांनी टाकलंच नव्हतं.

काम असं करायचं. सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' आणि मग 'अबाउट' उघडून विंडोजची आवृत्ती आणि प्रोसेसरचा प्रकार वहीत लिहून घ्यायचा. तालुक्याला, चांगल्या नेटवर, 'मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग' ही कंपनीची साइट उघडायची आणि त्या आवृत्तीचं ताजं 'क्युम्युलेटिव्ह अपडेट' शोधायचं. त्यात मागच्या महिन्यांच्या दुरुस्त्याही असतात, म्हणून वर्षभराचा ढीग उतरवावा लागत नाही. कधी एका अपडेटखाली दोन फाइली दिसतात. दोन्ही घ्यायच्या आणि जुनी आधी टाकायची. गावी येऊन फाइलवर डबल क्लिक करायचं, काम संपलं की संगणक रीस्टार्ट करायचा. एकदा आणलेली फाइल त्याच आवृत्तीच्या आणि त्याच प्रकारच्या प्रोसेसरच्या सगळ्या संगणकांना चालते. विंडोजमधल्या डिफेंडर या अँटिव्हायरसची व्हायरस ओळखण्याची माहितीही मायक्रोसॉफ्टच्या साइटवर वेगळ्या फाइलमध्ये मिळते. तीही सोबत आणावी.

शाळेच्या लॅबमधले संगणक एकमेकांना जोडलेले असतील तर 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' चालू करून 'लोकल नेटवर्क' निवडावं. मग एका संगणकाने उतरवलेलं अपडेट बाकीचे त्याच्याकडून घेऊ शकतात आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवरचा डेटा वाचतो.

दोन गोष्टींत मात्र मी सवलत देत नाही. अपडेटसाठी वेगळा पेन ड्राइव्ह ठेवायचा. त्यावर गाणी, सिनेमे, कुणाचे फोटो काही नको. आणि फाइल कंपनीच्याच साइटवरून घ्यायची, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या लिंकवरून कधीच नाही.

विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्या संगणकांसाठी जादा मुदतीच्या अपडेटची नोंदणी करावी किंवा विंडोज बदलावी.

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्री, नवं अपडेट येतं. त्या आठवड्यात तालुक्याला कोण जाणार, हे सोसायटीने आणि शाळेने आधीच ठरवून टाकावं. मुलांचे दाखले आणि सभासदांचे कर्जाचे हिशेब ज्या संगणकात आहेत, त्याच्यासाठी महिन्यातून एवढी एक खेप करायलाच हवी.