लांबलेल्या उषेच्या गावातला कोळसा

नारायण पेठेतला गायकवाड वाडा, म्हणजे आजचा केसरीवाडा, गणेशोत्सवामुळे आणि 'केसरी'मुळे सर्वांच्या ओळखीचा आहे. याच वाड्याचा पत्ता छापलेल्या आवृत्त्यांतून एक पुस्तक जगभर गेलं. त्याचा विषय पुणे नाही, स्वराज्यही नाही, तर थेट उत्तर ध्रुव आहे. लोकमान्य टिळकांचं 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' 1903 मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झालं. येरवड्याच्या तुरुंगात असताना मॅक्स म्युलरने पाठवलेला ऋग्वेद त्यांच्या हाती होता. उषेची सूक्तं वाचताना त्यांना एक गोष्ट अडली. आपल्याकडे झुंजुमुंजू झालं की तासाभरात ऊन अंगणात येतं, आणि या सूक्तांत मात्र उषा अनेक आहेत, पहाट फुटल्यापासून सूर्य उगवेपर्यंत कित्येक दिवस जातात. अशी पहाट असते तरी कुठे?

आर्यांचं मूळ घर ध्रुवप्रदेशात होतं, हा त्यांचा निष्कर्ष पुढे विद्वानांनी स्वीकारला नाही आणि पुरातत्त्वाचा पुरावाही त्याच्या बाजूने नाही. पण ध्रुवाच्या आसपासही न गेलेल्या या माणसाने खगोलगणिताच्या बळावर तिथल्या पहाटेचं जे वर्णन केलं, ते खरं आहे. ध्रुवावर पहाटेचा उजेड क्षितिजाच्या कडेकडेने गोल फिरत राहतो, आणि एक-दोन नव्हे, कित्येक आठवडे फिरतो. मला हे आजही थक्क करतं.

पुस्तक आलं त्यानंतर तीनच वर्षांनी, 1906 मध्ये, जॉन मन्रो लाँगइयर या अमेरिकन उद्योजकाने उत्तरेतल्या, आज नॉर्वेकडे असलेल्या स्वालबार्ड बेटांवर कोळशाची खाण सुरू केली. त्याच्या नावावरून लाँगइयरब्येन हे गाव वसलं. दहाएक वर्षांत त्याहून उत्तरेला, 78 अंश 55 मिनिटांवर, न्यू-ओलेसुन हे दुसरं खाणगाव उभं राहिलं. इथे ऑक्टोबरच्या अखेरीस मावळलेला सूर्य फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजावर येत नाही. डिसेंबरात भर दुपारी बारा वाजताही आकाशात चांदण्या असतात. मग जानेवारी सरता सरता दक्षिणेकडे दुपारी फिकट उजेड दिसू लागतो आणि रोज थोडा थोडा वाढत जातो, पण सूर्य काही उगवत नाही. ही लांबलेली उषा खाणकामगार दर वर्षी पाहत होते.

आता खरा प्रश्न. जिथे आज एकही झाड वाढत नाही, तिथे कोळसा आला कुठून? कोळसा म्हणजे तर दबलेलं अरण्य. या दोन्ही गावांचा कोळसा सुमारे 6 कोटी वर्षांपूर्वीचा आहे. पृथ्वी तेव्हा खूपच उबदार होती आणि ध्रुवांवर आजच्यासारखा बर्फाचा थर नव्हता. स्वालबार्ड आजच्याइतकं नसलं तरी बरंच उत्तरेला होतं, म्हणजे हिवाळ्यातला दीर्घ काळोख तेव्हाही होताच. अशा काळोखात तिथे दलदलीची दाट रानं उभी होती. मेटासिक्वोया जातीच्या पानांचे ठसे तिथल्या खडकांत सापडतात. हा सूचिपर्णी असूनही पानं झाडणारा वृक्ष. ऊब असली तरी उजेड नसेल तर पानं बाळगून उपयोग काय? ती गाळून, उन्हाळ्यातल्या न मावळणाऱ्या सूर्याची वाट पाहत ही झाडं उभी राहत. पडलेला पालापाचोळा आणि खोडं दलदलीत बुडाली, वर गाळ साचत गेला, आणि दाब व उष्णता यांनी त्याचा कोळसा झाला. पुढे जमीन उचलली गेली, हिमनद्यांनी ती कोरून काढली, आणि हे काळे थर डोंगरांच्या कुशीत उघडे पडले.

म्हणून तिथे कोळशासाठी खोल विहीर खणावी लागली नाही. डोंगराच्या मध्यावर तोंड पाडून आडवं आत शिरायचं. थर मात्र पातळ, पुष्कळ ठिकाणी माणसाच्या कमरेइतकाही नाही. कामगार त्यात सरपटत काम करत. काजळलेले बूट दाराशी काढूनच घरात यायचं, ही त्यांची शिस्त लाँगइयरब्येनमध्ये आजही टिकून आहे. तिथल्या संग्रहालयात आणि कित्येक हॉटेलांतही लोक चपला-बूट काढून शिरतात. आपल्या माणसाला हे सांगावंच लागणार नाही.

न्यू-ओलेसुनच्या खाणीचा शेवट मात्र वेदनेचा होता. 5 नोव्हेंबर 1962 रोजी खाणीत स्फोट होऊन 21 कामगार गेले. पुढच्या वर्षी खाण कायमची बंद झाली, आणि सुरक्षेतल्या हलगर्जीवरून नॉर्वेत इतका गदारोळ झाला की पंतप्रधान गेरहार्डसेन यांचं सरकार अविश्वास ठरावात कोसळलं. रशियनांचं पिरामिडेन हे तिथलंच खाणगाव 1998 मध्ये ओस पडलं. लाँगइयरब्येनची सातव्या क्रमांकाची खाण, नॉर्वेची तिथली शेवटची, 2025 च्या जूनअखेरीस थांबली. यात आनंद मानावा की हळहळावं, हे मला ठरवता येत नाही. शंभर वर्षं पिढ्यांनी जगवलेला धंदा गेला, हे खरं. पण स्वालबार्ड जगाच्या सरासरीच्या कित्येक पट वेगाने तापतंय, आणि त्यात कोळशाचा वाटा आहे, हेही तितकंच खरं.

रिकाम्या खाणींना नवी कामं मिळाली. नॉर्डिक देशांनी 1984 मध्ये पिकांच्या बियाण्यांचा साठा लाँगइयरब्येनच्या एका बंद खाणीत ठेवला, कारण आतलं तापमान बारमाही शून्याखाली. त्याच कल्पनेतून 2008 मध्ये तिथल्याच एका डोंगरात जगाची बीजकोठी उघडली. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने तिथे पाठवलेल्या बियाण्यांत ज्वारी, बाजरी आणि तूरही आहे.

न्यू-ओलेसुन तर संशोधकांचंच गाव झालं. 1920 च्या स्वालबार्ड करारावर ब्रिटिश साम्राज्याबरोबर भारताच्या वतीनेही सही झाली होती. 1 जुलै 2008 रोजी तिथे भारताचं 'हिमाद्री' केंद्र सुरू झालं. त्याचा कारभार गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो. सुरुवातीला आपले शास्त्रज्ञ मुख्यतः उन्हाळ्यात जात. डिसेंबर 2023 मध्ये पहिली हिवाळी मोहीम निघाली, आणि त्या पहिल्या तुकडीत पुण्याच्या पाषाणमधल्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचाही सहभाग होता. हवेतले सूक्ष्म कण, ढग, बर्फवृष्टी यांची मोजमापं आता त्या चार महिन्यांच्या काळोखातही होऊ लागली आहेत. ध्रुवाकडचं बर्फ आणि आपला मान्सून यांचं नातं नेमकं कसं, हा त्यांच्यापुढचा एक मोठा प्रश्न आहे.