गुंगीचे औषध घेण्यापूर्वी

एण्डोस्कोपीसाठी डॉक्टर 'थोडी गुंगी देऊ' म्हणाले की आपण निम्मे ऐकतो आणि निम्मे घाबरतो. बहुतेक वेळा ही पूर्ण भूल नसते. मिडाझोलमसारखे औषध शिरेतून देतात. रुग्ण पेंगतो, पण हाक मारली तर सहसा ओ देतो. नंतर त्याला फारसे आठवत नाही.

गुंगीत उलटी झाली तर पोटातले अन्न फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. म्हणून उपाशीपोटी बोलावतात. सर्वसाधारण नियम असा : तळलेले किंवा मटणाचे जड जेवण 8 तास आधी, हलका नाश्ता व दूध 6 तास आधी आणि साधे पाणी 2 तास आधी बंद. तुमच्या डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल तर तेच पाळावे.

आपल्या घरांत इथे दोन गैरसमज होतात. पहिला, 'रोजा आहे, म्हणजे पोट रिकामेच.' सकाळी 5 वाजता सेहरीला खिमा-पराठा खाल्ला आणि 9 वाजता तपासणी असली, तर चारच तास झाले! दुसरा, उपाशी म्हणजे रोजाच समजून रक्तदाबाची गोळीही टाळायची. ही गोळी बहुधा घोटभर पाण्याबरोबर चालते. मात्र ती, मधुमेहाची गोळी, इन्सुलिन, रक्त पातळ करणारे औषध यांचे काय करायचे, हे आधीच विचारून घ्यावे. आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआनने सूरह अल-बकरामध्ये दिलीच आहे. तेव्हा तपासणीची तारीख ठरवतानाच रोजाविषयी बोलावे.

सर्वांत मोठा धोका लपवण्यात आहे. झोपेच्या गोळ्या किंवा दारू यांच्या जोडीला गुंगीचे औषध गेले तर श्वास मंदावू शकतो. हकीमांचे औषध, तंबाखू, मिश्री, झोपेत जोरात घोरणे, आधी भुलीचा झालेला त्रास, हे सारे डॉक्टरांना कळले पाहिजे. सासू-सासऱ्यांसमोर सून किंवा अब्बांसमोर मुलगा हे बोलणार नाही. म्हणून रुग्णाला डॉक्टरांशी दोन मिनिटे एकटे बोलू द्यावे.

घरी न्यायला जाणते माणूस सोबत हवेच. डॉक्टरांचे सांगणे त्यानेच लक्षात ठेवावे, कारण रुग्ण विसरतो. पुढचे 24 तास गाडी चालवू नये, व्यवहाराच्या कागदांवर सह्या करू नयेत. पूर्ण शुद्धीवर आल्यावर नव्याने वुजू करून नमाज अदा करावी. उभे राहता चक्कर येत असेल तर बसून.