शिकार गिळलेला अजगर

एक व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. गावाबाहेर अजगर पडलाय, पोट टम्म फुगलंय, भोवती गर्दी. कोणी शेपूट ओढतंय, कोणी काठीनं ढोसतंय. शेवटी अजगर गिळलेलं पाडस ओकतो आणि लोक ओरडतात, ‘सोडवलं!’ पाडस केव्हाच मेलेलं असतं. यात वाचलं कोण?

अजगराला विष नसतं. आत वळलेल्या दातांनी तो भक्ष्य पकडतो आणि विळखा घालतो. त्यानं हाडांचा चुरा होतो, ही ऐकीव गोष्ट. बोआ जातीच्या सापांवरचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विळखा पडताच काही सेकंदांत उंदराचं रक्ताभिसरणच कोलमडतं, असं त्यात दिसलं. म्हणजे गुदमरण्याच्याही आधी खेळ संपतो.

मग गिळणं, बहुधा डोक्याकडून, म्हणजे पाय अंगालगत दुमडतात. खालच्या जबड्याचे दोन भाग पुढे लवचिक बंधानं जोडलेले असल्यामुळे तोंड एवढं फाकतं. तोंड भरलेलं असताना श्वासनळीचं टोक पुढे येतं आणि श्वास चालू राहतो.

खरं काम त्यानंतर सुरू होतं. आपल्या अजगराचा जवळचा नातेवाईक म्हणजे बर्मी अजगर. मोठ्या जेवणानंतर दोन दिवसांत त्याचं हृदय सुमारे ४० टक्के वाढल्याची नोंद आहे. पचनाला ऊब लागते, कारण अजगराचं शरीर स्वतः तापत नाही. ऊब मिळाली नाही तर अन्न पोटातच कुजतं. म्हणून तो उन्हात पडून राहतो, आणि लोकांना वाटतं, आळशी आहे!

अशा वेळी त्याला पळता येत नाही. जिवावर बेतलं असं वाटलं की ओझं टाकून निसटणं एवढाच मार्ग उरतो. ती शिकार साधायला तो किती दिवस दबा धरून बसला असेल, कोण जाणे. फौजेत आम्हाला दबा धरायला शिकवावं लागलं. तरी तासाभरात कोणीतरी खोकायचंच. तर गर्दीच्या करमणुकीपायी पाडस गेलेलंच असतं आणि अजगरही उपाशी राहतो. वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे, तेव्हा ही ओढाताण गुन्हाही ठरते.

अजगर नीट पाहायचा असेल तर हिवाळ्यात राजस्थानात भरतपूरला, केवलादेव राष्ट्रीय उद्यानात जा. लोक तिथे पक्ष्यांसाठी जातात, पण साळिंदरांच्या बिळांत अजगरही राहतात आणि ऊन तापलं की बिळाच्या तोंडाशी येऊन पडतात. रस्ता सोडू नका, दुर्बीण वापरा. पाय आपटू नका. जमिनीची थरथर त्याला लगेच कळते. त्यानं डोकं उचललं, अंग आखडलं किंवा बिळाकडे सरकू लागला, तर आपण फार जवळ आलोय. तिथूनच मागे फिरा, म्हणजे त्याला उरलेलं ऊन खाता येईल.