तेरच्या कुंभाराचे अंगण

धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे भगवान महावीरांच्या मंदिराच्या दर्शनासाठी येणारी कुटुंबे बहुधा दर्शन, पूजा आणि भोजन आटोपून परतीच्या वाटेला लागतात. ज्यांच्याजवळ तासभर वेळ असतो, ती गावातील शासकीय वस्तुसंग्रहालयात डोकावतात. रामलिंगप्पा लामतुरे या गावकऱ्यांनी शेतात, तेरणेच्या काठी आणि गावाच्या पांढरीत सापडलेल्या वस्तू आयुष्यभर जमवल्या. त्यांच्याच नावाने हे संग्रहालय चालते. मोठी माणसे तेथे नाणी आणि हस्तिदंती मूर्ती शोधतात. मुले मात्र थांबतात ती मातीच्या प्राण्यांपाशी. मेंढे, बैल, घोडे, हत्ती. कोणाचा पाय मोडलेला, कोणाची सोंड झिजलेली. सातवाहनांच्या काळी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, याच गावात ते घडले आणि भाजले गेले.

तेव्हा तेरचे नाव तगर होते. पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रमार्गांचे जे टिपण लिहून ठेवले, त्यात या नगराचा उल्लेख आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणहून पूर्वेस दहा दिवसांवर तगर. तेथून जाडेभरडे कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि किनाऱ्याकडून आलेला इतर माल गाड्यांवर लादून अवघड वाटांनी बंदराकडे जात असे. दिवस मोजलेले, मालाच्या प्रती सांगितलेल्या. व्यापाऱ्याच्या हाताखालून गेलेले टिपण आहे हे वाचताक्षणी कळते. त्यात कुंभार कोठेही नाही. मातीचा मेंढा तीस दिवस गाडीत हिंदकळत नेण्याइतका मोलाचा नव्हता, हे उघडच आहे. परंतु ज्या मलमलीसाठी तगर रोमन जगाला ठाऊक झाले, तिचा धागाही आज तेथे उरलेला नाही आणि गाडीत न चढलेला मेंढा काचेआड उभा आहे.

तगरच्या कारागिराचे नाव कोठेही कोरलेले नाही. त्याचा दिवस कसा जात असेल, हे त्याने केलेल्या वस्तूंवरून आणि कुंभारकामाच्या आजही न बदललेल्या रीतीवरूनच ताडावे लागते. तेरच्या उत्तम मूर्ती केओलिन या पांढऱ्या, तलम मातीच्या आहेत. त्या दुहेरी साच्यात घडवलेल्या असून आतून पोकळ आहेत. साच्याचे दोन अर्ध, एक पुढचा आणि एक पाठीचा. मळलेली माती प्रत्येक अर्धात बोटांनी दाबून बसवायची, ओल असतानाच दोन्ही अर्ध जोडायचे, सांध्यावर बाहेर आलेली माती खरडून काढायची आणि आतली तापलेली हवा निघून जावी म्हणून एक छिद्र राखायचे. ते विसरले तर आव्यात मूर्ती फुटते. मग सावलीत वाळवण. उन्हात घाई केली की तडा गेलाच. बाहेरून अशी मूर्ती गुळगुळीत दिसते, अलंकारांचा मणी न् मणी मोजता येतो. आतली बाजू मात्र कोणी पाहणार नसते, म्हणून ती गुळगुळीत केली जात नाही. साच्यात माती दाबणाऱ्या बोटांचे ठसे तेथे तसेच राहतात.

साचा आला म्हणजे एकच वस्तू अनेकदा करता येते आणि जेथे अनेकदा करायची गरज पडते तेथे गिऱ्हाईक असते. तगरच्या पेठेत उतरणाऱ्या गाडीवानांनी, सार्थवाहांनी आपल्या मुलांसाठी असे प्राणी विकत घेतले असतील, असे मानण्यास हरकत नसावी. प्राण्यांचे नमुने शोधण्यासाठी कारागिराला अंगणाबाहेर फार लांब जावे लागले नसेल. बैल गाड्यांना होते, मेंढे माळावर होते. हत्ती-घोडे राजमार्गाने जात असतील. जे रोज दारावरून जाते तेच हातात उतरते.

कुंभाराच्या दारातला खरा सोबती मात्र गाढव. त्याची मूर्ती करावी असे कोणाला सुचत नाही. वास्तविक ओढ्याकाठची, तळ्यातली चिकणमाती पाठीवर वाहून आणणारे तेच आणि भाजलेली मडकी जाळीत भरून आठवडी बाजाराला नेणारेही तेच. त्याची लीदसुद्धा वाया जात नाही. ती चाळून राखेबरोबर मातीत मिसळतात. भाजताना ती जळून जाते आणि मागे बारीक छिद्रे राहतात. माठातले पाणी गार होते ते त्या छिद्रांतून पाझरून आणि वाऱ्याने सुकून. तेरच्या जुन्या मंदिरांच्या विटाही अशाच मिश्रणाच्या आहेत. मातीत तूस मिसळून भाजलेल्या त्या विटा इतक्या हलक्या आहेत की पाण्यावर तरंगतात. पाहणाऱ्यास तो चमत्कार वाटतो. कुंभाराला मात्र त्यातले गणित घरच्या माठावरून ठाऊक असते.

कुंभाराच्या कामाचे इतके जवळून केलेले वर्णन जैन वाचकास आपल्या आगमातही सापडते. उपासकदशांगाच्या सातव्या अध्ययनात पोलासपूरच्या सद्दालपुत्राची कथा आहे. तो जातिवंत कुंभकार होता आणि पुष्कळ मोठा होता. तीन कोटी सुवर्णमुद्रांची संपत्ती, दहा हजार गाईंचे गोकुळ आणि नगराबाहेर कुंभारकामाची पाचशे दुकाने. तेथे वेतनावर ठेवलेली माणसे रोज घडे, रांजण, मडकी घडवीत आणि दुसरी माणसे राजमार्गावर बसून ती विकीत. उत्पादन वेगळे, विक्री वेगळी आणि पगार ठरलेला. आजच्या कोणत्याही कारखानदारास ही घडी ओळखीची वाटेल.

सद्दालपुत्र नियतिवादी आजीवक मताचा होता. जे व्हायचे ते ठरलेलेच आहे, मनुष्याच्या पराक्रमाने काही घडत नाही, ही त्याची श्रद्धा. एके दिवशी तो वाऱ्यावर सुकलेली भांडी आतून काढून उन्हात मांडत असताना भगवान महावीरांनी त्याला विचारले, की ही भांडी होतात कशी? त्याने आपल्या धंद्याची रीत सांगितली. आधी माती, मग पाण्याने भिजवणे, राख आणि शेण मिसळणे, मग चाक. भगवंतांनी पुढे विचारले, की हे सर्व प्रयत्नाने होते की प्रयत्नावाचून? मतानुसार सद्दालपुत्राने उत्तर दिले, की प्रयत्नावाचून. तेव्हा भगवंतांनी विचारले, की कोणी येऊन ही भांडी फोडली, चोरली किंवा तुझ्या पत्नीशी, अग्निमित्रेशी गैरवर्तन केले, तर तू काय करशील? त्याला मी मारीन, झोडपीन, असे तो म्हणाला. मग जर सर्व ठरलेलेच असेल, तर त्या माणसाचा अपराध तो कोणता?

हा प्रश्न राजवाड्यात किंवा वादसभेत न विचारता उन्हात मांडलेल्या ओल्या भांड्यांसमोर विचारला गेला, यात त्याचे बळ आहे. ज्याचे हात कोपरापर्यंत मातीने माखले आहेत, त्याला ‘हे आपोआप झाले’ असे फार वेळ म्हणता येत नाही. सद्दालपुत्राने श्रावकव्रते घेतली आणि आगमातील दहा आदर्श श्रावकांत तो गणला गेला.

येथे विचारी वाचक अडखळेल आणि अडखळणे योग्यच आहे. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्म पहिले आहे आणि आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात अंगारजीविकेत कुंभाराचा धंदाही धरला आहे. आवा पेटला म्हणजे केवळ माती भाजत नाही. जळणातले किडे, ढलप्यांखालची पाल, चिपाडात शिरलेला उंदीर यांचेही त्यात होते ते होते. कुंभारालाही ते दिसते. पंढरपूरच्या राका कुंभाराची कथा वारकरी परंपरेत सांगतात ती याच रात्रीची आहे. मांजरीने कच्च्या मडक्यात पिले घातली होती. ध्यानात न येता ते मडके आव्यात रचले गेले आणि आवा पेटला. मांजर आव्याभोवती ओरडत फिरू लागली तेव्हा राकाला उमजले. पेटलेला आवा मध्येच विझवता येत नाही, आत हात घालता येत नाही. देवाचा धावा करण्यापलीकडे राका आणि त्याची पत्नी बंका यांच्या हाती काहीच उरले नाही. पिले वाचली तर प्रपंच सोडीन, असे तो बोलला. आवा निवल्यावर उकलून पाहतात तो एकच मडके कच्चे राहिलेले आणि आत पिले जिवंत. राकाने शब्द पाळला आणि सर्वस्व वाटून टाकले.

कथेतला चमत्कार ज्याने त्याने आपल्या श्रद्धेनुसार घ्यावा. त्याआधीची रात्र मात्र कोणत्याही कुंभाराच्या घरची असू शकते. महिनाभराचे काम आव्यात आहे, जळण उसने आणलेले आहे आणि बाहेर एक मांजर फिरते आहे. शास्त्रात जो निषेध एका ओळीत येतो, त्याचा भार त्या घराने रात्रभर वाहिलेला असतो. आणि दिवाळीला वहीपूजनासाठी पणत्या, लाह्या भरण्यासाठी बोळकी आपल्याही घरांत येतात ती याच आव्यातून. ती घेताना भाव किती पाडावा, एवढे तरी मनात यावे.

तेरचे नाव महाराष्ट्रात घरोघर पोचले ते अर्थात संत गोरोबांमुळे. परंपरेनुसार त्यांचा काळ इ. स. १२६७ ते १३१७. त्यांची समाधी तेरणेच्या काठी आहे. गोरोबा विठ्ठलनामात तल्लीन होऊन माती तुडवत होते, पत्नी पाण्याला गेली होती, खेळणारे मूल चिखलात आले आणि पायाखाली गेले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. कीर्तनात ती भक्तीची कथा म्हणून सांगितली जाते आणि शेवटी मूल परत मिळते. पण ती ऐकताना कुंभाराचे घरही डोळ्यांसमोर आणावे. कारखाना वेगळा नाही. माती तुडवण्याची जागा अंगणात, चाक ओसरीवर, आवा परसात. त्यातूनच मूल रांगते, गाढव येरझारा घालते, मांजर मडक्यात निजते. पाळणा आणि काम यांत भिंत नसते. लाकडी थापटणे हातात असताना एक डोळा मुलावर ठेवावाच लागतो आणि तो एक क्षण सुटला की काय होते, ते या गावाने सातशे वर्षे जपून ठेवले आहे.

थापटण्याचीही एक कथा आहेच. संतमेळ्यात मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबांनी प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले. थापटण्याचे खरे काम निराळे. चाकावरून उतरलेल्या घड्याला आतून दगडी गोळ्याचा आधार देऊन बाहेरून थापटत जातात, तेव्हा त्याचे पोट फुगत जाते आणि भिंत पातळ होते. आतल्या हाताला बाहेरचा घाव दिसत नाही, तो नुसता जाणवतो. घाव आणि आधार एकाच जागी पडले तरच घडा टिकतो. आणि भाजलेल्या मडक्याची पारख तर प्रत्येक गृहिणीला येते. बाजारात बोटाने टिचकी मारून ती नाद ऐकते. पक्के असेल तर खणखणते, कच्चे बद्द वाजते.

मराठवाड्यातील कुंभाराचे वर्ष आजही सणांवर मोजले जाते. संक्रांतीची सुगडी, उन्हाळ्याचे माठ आणि रांजण, अक्षय्य तृतीयेची केळी, नवरात्राचे घट, दिवाळीच्या पणत्या. ज्या अक्षय्य तृतीयेला आपल्याकडे वर्षीतपाची पारणी इक्षुरसाने होतात, त्याच दिवशी शेजारच्या घरी पितरांच्या नावाने पाण्याने भरलेली नवी केळी ठेवली जाते. श्वेतांबर परंपरेत तर पहिला घडा ऋषभदेवांनीच हत्तीच्या गंडस्थळावर ओल्या मातीचा गोळा थापून घडवला आणि शिल्पांत कुंभकाराचे शिल्प प्रथम शिकवले, असे सांगितले आहे. आता माठाच्या जागी फ्रिज आला, पणती साच्यातून दूरच्या शहरात निघते. माती आणण्याच्या जागाही पूर्वीसारख्या मोकळ्या राहिलेल्या नाहीत. अनेक घरांत चाक बंद आहे.

पोळ्याच्या आधी मात्र चार दिवस अंगण पुन्हा भरते. शेतकऱ्याला पूजेसाठी आणि ज्याच्या घरी बैल नाही त्यालाही मातीची जोडी लागते. हे काम साच्याने कमी आणि हातानेच अधिक होते. एक लांबट गोळा, त्याला चिमटीने काढलेले चार पाय, वशिंड, दोन शिंगे. घरची मुले शेपटी चिकटवतात, ती बहुधा जागच्या जागी नसते. मोठी माणसे ती दुरुस्त करत नाहीत, वेळही नसतो. हे बैल भाजत नाहीत. नुसते वाळवून, वर चुना किंवा गेरू लावून बाजारात नेतात. पोळ्याला त्यांना पुरणपोळीचा नैवेद्य मिळतो. नंतर ते वळचणीला ठेवले जातात आणि भाद्रपदातल्या एखाद्या पावसात भिजून पुन्हा माती होतात. आधी शिंगे जातात, मग पाय. शेवटी वशिंडाचा तेवढा उंचवटा राहतो, तोही सकाळी झाडणारीच्या केरसुणीबरोबर अंगणात मिसळतो.