ध्रुवाजवळ फसणारी चौकट

विषुववृत्तावर सुमारे १११ किलोमीटर भरणारा रेखांशाचा एक अंश ८० अंश अक्षांशावर जेमतेम १९ किलोमीटर उरतो, आणि ध्रुवावर सर्व रेखावृत्ते मिळाल्याने रेखांशाला अर्थच राहत नाही. म्हणून अधिमाहितीच्या, म्हणजे नोंदींचे स्थळ-काळ सांगणाऱ्या माहितीच्या, शोधात चार सीमांची नेहमीची चौकट येथे फसवी ठरते. १८० अंश रेखावृत्त ओलांडणाऱ्या रॉस समुद्रासाठी १६० पूर्व ते १५० पश्चिम अशी मर्यादा दिली, तर लहान आकडा पश्चिमेचाच मानणारी प्रणाली सीमांची अदलाबदल करून नेमका तो समुद्रच वगळते. त्याऐवजी ध्रुवीय स्टिरिओग्राफिक प्रक्षेपणात, जेथे अंतरे ध्रुवापासून मीटरमध्ये मोजली जातात, बहुभुज आखून शोधणे निःसंशय अधिक विश्वासार्ह आहे. अंटार्क्टिकासाठी ईपीएसजी ३०३१ आणि आर्क्टिकसाठी ईपीएसजी ३४१३ हे प्रक्षेपण-संकेतांक प्रचलित असून, प्रत्येक नोंदीत ते आवर्जून लिहावेत.