डब्याला सांगायचे राहून गेले

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



नवा टीव्ही घरात आला की पहिले चार दिवस सगळे खूश असतात. पाचव्या दिवशी कुणीतरी म्हणते, 'बातम्या देणारी बाई जरा जाडच दिसते, नाही का?' मग हळूहळू सवय होते. घरातल्या वयस्कर माणसांना वाटते, आपलीच नजर अधू झाली. कुणी मेकॅनिकला बोलावतो. तो रिमोटची दोन बटणे दाबतो आणि पैसे घेऊन जातो. खरे तर टीव्ही बिघडलेला नसतो आणि डोळेही बिघडलेले नसतात. टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स, म्हणजे आपण ज्याला 'डबा' म्हणतो तो, या दोघांचे एकमेकांशी जुळलेले नसते, एवढेच.

हे असे का होते? जुन्या पेटीसारख्या टीव्हीचा पडदा चारास तीन या प्रमाणात असे. रुंदी चार, तर उंची तीन. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेव्हापासून कितीतरी वर्षे आपण जग याच चौकटीत पाहिले. आताच्या सपाट टीव्हीचा पडदा सोळास नऊ असतो, म्हणजे बराच आडवा.

केबलचा डबा आला तो या दोन्हींच्या मधल्या काळात. २०११ मध्ये केबलच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि डबा सक्तीचा झाला. मुंबईला मुदत होती ३१ ऑक्टोबर २०१२ पर्यंत. पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर या शहरांना ३१ मार्च २०१३ पर्यंत. लहान गावांची पाळी त्यानंतर आली. तेव्हा अनेक घरांत पेटीचाच टीव्ही होता. डबा बसवणाऱ्याने तो चारास तीनवर लावून दिला, आणि ते बरोबरच होते. पुढे दिवाळीला आपण सपाट टीव्ही आणला. डबा मात्र तोच राहिला. टीव्ही बदलला आहे, हे डब्याला सांगायचे राहून गेले.

आता थोडा हिशेब करू. बत्तीस इंची टीव्हीचा पडदा साधारण ७१ सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच असतो. चारास तीनचे चित्र त्यावर नीट बसवले, तर ते ५३ सेंटिमीटर रुंद दिसते आणि दोन्ही बाजूंना नऊ-नऊ सेंटिमीटरच्या काळ्या पट्ट्या उरतात. पुष्कळांना या पट्ट्या खुपतात. 'पूर्ण पडद्याचे पैसे मोजले, मग पट्ट्या कशाला?' म्हणून ते चित्र ताणतात. ताणले की प्रत्येक माणूस एक तृतीयांशाने रुंद होतो. 'श्यामची आई' हा १९५३ सालचा चित्रपट जवळपास चारास तीनच्याच चौकटीतला. तो ताणून पाहिला, तर वनमालाबाईंचा चेहरा त्यांचा राहत नाही. काहीजण ताणण्याऐवजी 'झूम' करतात. चेहरा शाबूत राहतो, पण वरखाली मिळून पाव चित्र कापले जाते. धावफलक जातो, बातम्यांची पट्टी जाते, कधी माणसाचे डोकेही जाते. म्हणून जुन्या कार्यक्रमाच्या वेळी बाजूच्या काळ्या पट्ट्या दिसल्या, तर त्या राहू द्याव्यात. तो बिघाड नव्हे.

चित्र ताणलेले आहे की नाही, हे ओळखायची सोपी खूण म्हणजे वर्तुळ. पडद्यावर तिरंगा दिसला तर अशोकचक्र पाहा, किंवा भिंतीवरचे गोल घड्याळ पाहा. दोरा घेऊन आडवे आणि उभे माप घ्या. दोन्ही सारखी असली तर ठीक. आडवे माप जास्त भरले, तर दुरुस्ती करायची.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा. आधी डबा, मग टीव्ही. डब्याच्या रिमोटवर 'मेनू' दाबा. 'सेटिंग्ज'मध्ये 'डिस्प्ले', 'टीव्ही स्क्रीन' किंवा 'आस्पेक्ट रेशो' असे काहीतरी सापडेल. तिथे १६:९ निवडा. 'पिलर बॉक्स' असा पर्याय असेल तर तोही घ्या. जुने चित्र न ताणता मधोमध दाखवायचे, असा त्याचा अर्थ. त्यानंतर टीव्हीच्या रिमोटवर 'पिक्चर साइझ' काढून तिथेही १६:९ ठेवा. गझलेच्या शेरात दोन्ही ओळी एकाच वृत्तात असाव्या लागतात, तसेच हे आहे. दोन यंत्रांनी दोन प्रमाणे धरली, की चित्र लंगडते.

चित्राच्या चारही बाजूंना काळे दिसले आणि मधे टपालाच्या तिकिटासारखे चित्र उरले, तर डबा अजून चारास तीनवरच आहे असे समजावे. उलट कडा थोड्या कापल्या जात असतील, तर ती टीव्हीची जुनी खोड. काचेच्या ट्यूबच्या काळात कडा नीट येत नसत म्हणून त्या झाकायची पद्धत पडली होती. त्यावर उपाय म्हणजे टीव्हीच्या मेनूतला 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा 'फुल पिक्सेल'. कंपनीप्रमाणे नाव बदलते, काम एकच. एवढे करूनही एखाद्याच चॅनेलवर माणसे जाड दिसली, तर चित्र तिकडूनच ताणून येते आहे. तिथे आपला इलाज नाही.

आता वायरीकडे येऊ. हात लावण्यापूर्वी दोन्ही यंत्रांचे भिंतीवरचे बटण बंद करा. तीन रंगांच्या वायरीत पिवळी चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. काही टीव्हींत पिवळ्या पिनेची जागा आणि हिरवी जागा एकच असते. तिथे चित्र कृष्णधवल दिसू लागले, तर टीव्हीवर 'कंपोनंट'ऐवजी 'एव्ही' निवडा. एचडीएमआयच्या एकाच वायरीतून चित्र आणि आवाज दोन्ही जातात. डब्याला ती सोय असेल तर तीच वापरावी. मात्र नुसत्या वायरीने साधे चॅनेल एचडी होत नाही, हेही लक्षात असू द्या.

पडदा काळा आणि त्यावर 'नो सिग्नल' अशी अक्षरे दिसली, तर घाबरू नका. टीव्हीच्या रिमोटवरचे 'सोर्स' किंवा 'इनपुट' बटण दाबा आणि वायर ज्या क्रमांकात खोचली आहे तोच क्रमांक निवडा. बहुतेक वेळा मुलांच्या हातून रिमोट दाबला गेलेला असतो. तरीही चित्र आले नाही, तर दोन्ही यंत्रे भिंतीवरून बंद करा, मिनिटभर थांबा, आधी टीव्ही आणि मग डबा सुरू करा. या दोघांची सुरुवातीला एकमेकांशी ओळख पटावी लागते. ती कधी कधी अर्धवट राहते.

केबलवाल्याला फोन करण्यापूर्वी एक परीक्षा जरूर घ्या. डब्याच्या रिमोटवर 'मेनू' दाबा. मेनू स्वच्छ दिसला, पण चॅनेल दिसत नाही किंवा चित्राचे चौकोनी तुकडे पडतात, तर डबा आणि टीव्ही यांच्यात काही बिघडलेले नाही. दोष बाहेरून येणाऱ्या केबलमध्ये किंवा छत्रीत आहे, किंवा पैसे भरायचे राहिले आहेत. मेनूच दिसला नाही, तर डबा, त्याचा अ‍ॅडॉप्टर, मधली वायर आणि टीव्ही एवढ्यातच शोध घ्या. एवढे सांगता आले, की समोरचा माणूस आपल्याला उगाच फिरवत नाही आणि नको तो खर्च गळ्यात मारत नाही.

सगळे जुळले की एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: वायर कोणत्या क्रमांकात आहे, दोन्हीकडे १६:९ आहे, आधी टीव्ही आणि मग डबा. तो कागद टीव्हीशेजारच्या भिंतीवर चिकटवा. दुपारी घरात एकट्या असणाऱ्या आजी-आजोबांना मग कुणाची वाट पाहत बसावे लागणार नाही.