जुनं घड्याळ मोडीत काढण्यापूर्वी

दिवाळीपूर्वी कपाटं आवरायला घेतली की एक वस्तू हमखास हाती लागते, ती म्हणजे बंद पडलेलं मनगटी घड्याळ. सासऱ्यांचं ओमेगा, वडिलांचं फेवर ल्युबा, नाहीतर आईच्या हातातलं इवलंसं सोन्याचं घड्याळ. चालत तर नाही, पण टाकवतही नाही. म्हणून आपण ते पुन्हा रुमालात गुंडाळून ठेवतो. मग कुणीतरी सुचवतं, ‘सोनाराला दे, सोन्याचे तरी पैसे येतील.’ दुसरं कुणी म्हणतं, ‘तबकडी नवी रंगवून घे, कसं झळकेल बघ!’ मैत्रिणींनो, या दोन्ही सल्ल्यांपासून सावध राहा. जुन्या घड्याळाची किंमत असते ती त्याच्या मूळच्या भागांत. ते एकदा गेले की पुन्हा मिळवणं फार अवघड.

आपल्याकडे या स्विस घड्याळांचा संसार जुना आहे. फेवर ल्युबा १८६५ साली हिंदुस्थानात आली, वेस्ट एंड वॉच कंपनी १८८६ पासून मुंबईत होती. नोकरी लागली, लग्न ठरलं, की घरात घड्याळ यायचं आणि ते आयुष्यभर पुरायचं. म्हणूनच आजही गावोगावच्या कपाटांत अशी घड्याळं निघतात.

एका बायकोची भेट

मूळ भागांना किती मोल असतं, याचं उदाहरण सांगते. अमेरिकन नट पॉल न्यूमन यांना मोटार शर्यतींचा नाद. त्यांची पत्नी, अभिनेत्री जोआन वुडवर्ड हिने त्यांना एक रोलेक्स डेटोना घड्याळ भेट दिलं आणि मागच्या झाकणावर कोरून घेतलं, ‘गाडी जपून चालव. मी.’ कुठल्या बायकोचं काळीज निराळं असतं हो? त्या घड्याळाची तबकडी जरा वेगळ्या धाटणीची होती. त्या काळी ती फारशी कुणाला आवडत नसे. पुढे १९८४ साली न्यूमन यांनी ते मुलीच्या मित्राला देऊन टाकलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला १ कोटी ७७ लाख डॉलरहून अधिक किंमत आली, म्हणजे त्या वेळचे शंभर कोटी रुपयांहून जास्त! नावाचा वाटा त्यात मोठा, हे खरंच. पण मधल्या काळात कुणी ती ‘न आवडणारी’ तबकडी बदलली असती, झाकण घासून अक्षरं पुसली असती, तर?

आपल्या कपाटातल्या घड्याळाला अशी किंमत येणार नाही, हे उघड आहे. पण नियम तोच. संग्राहक आधी बघतो ती तबकडी. किंचित पिवळी पडलेली, डाग असलेली मूळ तबकडी त्याला नव्याने रंगवलेल्या तबकडीपेक्षा प्यारी. जुन्या स्विस यंत्रावर भडक रंगाची नवी तबकडी चढवून विकलेल्या घड्याळांना परदेशी संग्राहकांनी ‘मुंबई स्पेशल’ असं नावच ठेवलं आहे, आणि ते काही कौतुकाने नव्हे!

भाग मिळत का नाहीत?

२५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइको कंपनीने टोकियोत पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणलं. किल्ली द्यायला नको, वेळ अचूक आणि पुढे किंमतही कमी. स्वित्झर्लंडचा धंदा कोसळला. १९७० च्या सुमारास या धंद्यात ९० हजारांच्या आसपास कामगार होते, ते पुढच्या पंधरा-वीस वर्षांत एक तृतीयांशावर आले. कारखाने मिटले आणि त्यांच्यासोबत सुटे भागही. शिवाय रोलेक्ससारख्या कंपन्या आपले भाग मुख्यतः मान्यताप्राप्त दुरुस्ती केंद्रांनाच देतात. पाटेक फिलिप ही कंपनी मात्र १८३९ पासूनचं आपलं कुठलंही घड्याळ दुरुस्त करण्याची हमी देते.

पण निराश होऊ नका. बऱ्याच घड्याळ कंपन्या आतलं यंत्र स्वतः बनवत नसत, ए. शील्ड, ईटीए, पेझो अशा कारखान्यांकडून विकत घेत. म्हणून तबकडीवर नावं चार, पण आत यंत्र एकच, असं पुष्कळदा निघतं. यंत्रावर त्याचा क्रमांक असतो, त्याला ‘कॅलिबर’ म्हणतात. ओमेगाच्या यंत्रावर २६५, ६०१ असे आकडे दिसतील. काही यंत्रांत कारखान्याची खूण आणि आकडा बॅलन्सच्या चक्राखाली दडलेला असतो. तो हाती आला की निम्मं काम झालं. मग घड्याळजी त्याच कॅलिबरचं एखादं साध्या नावाचं, बंद पडलेलं घड्याळ शोधून त्यातला भाग बसवू शकतो. मेनस्प्रिंग आणि काच बहुधा नवी मिळते. घड्याळ पडलं की मोडतो तो बॅलन्सचा बारीक आस. तोही जाणता कारागीर लेथवर घडवून देतो.

घड्याळजीकडे जाताना

झाकण उघडतील तेव्हा समोर बसा आणि यंत्राचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कॅलिबर आणि कंपनीचा लांबलचक अनुक्रमांक पावतीवर लिहून घ्या. तबकडी, काटे, किल्ली द्यायचं बटण यांपैकी काहीही विचारल्यावाचून बदलायचं नाही आणि केस घासून चकचकीत करायची नाही, हे आधीच सांगा. कंपनीच्या केंद्रात घड्याळ देत असाल तर हे लेखी द्या; तिथे जुनी तबकडी काढून सर्रास नवी बसवतात. भाग बदलावाच लागला, तर काढलेला जुना भाग परत मागून डबीत जपा. आपण शिंप्याकडून उरलेलं कापड मागतोच ना? मग इथे संकोच कसला!

बाईचं घड्याळ

पहिल्या महायुद्धापूर्वी मनगटी घड्याळ हा बायकांचाच दागिना समजला जाई. पुरुष खिशातलं घड्याळ वापरत. लहान घड्याळाचं यंत्र बनवणं अधिक कठीण. झेगर लकूल्त्र कंपनीचं १९२९ चं ‘१०१’ हे यंत्र अवघं १४ मिलिमीटर लांब आणि पाच मिलिमीटरहूनही कमी रुंद आहे, वजन सुमारे १ ग्रॅम! तरीही संग्राहक पुरुषी मोठ्या घड्याळांच्या मागे असतात, म्हणून बायकांची घड्याळं स्वस्तात जातात आणि सोन्यासाठी वितळवली जातात. आत चालू होऊ शकणारं यंत्र असताना आईचं घड्याळ निव्वळ वजनावर देऊ नका. आणि उलट बाजूने बघा, कुणाला संग्रहाची हौस असेल तर ती इथूनच परवडते.

थोडी काळजी

वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या घड्याळाला लगेच किल्ली देऊ नका. आतलं तेल सुकलेलं असतं, दातेरी चाकं आणि आस झिजतात. आधी साफसफाई आणि तेलपाणी करून घ्या. मग रोज ठराविक वेळी किल्ली द्या आणि अडलं की थांबा. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असलं तरी विसंबू नका, आतलं रबर केव्हाच कडक झालेलं असतं. भांडी घासताना, कुकरच्या वाफेपाशी ते हातात नको. प्लॅस्टिकच्या काचेवरचे बारीक ओरखडे मऊ फडक्यावर किंचित टूथपेस्ट घेऊन हलक्या हाताने घासले तर कमी होतात. मुलाम्याला मात्र ती लावू नका. आणि अंधारात चमकावी म्हणून रंगवलेली तबकडी १९६० पूर्वीची असेल, तर तिच्यात रेडियम असू शकतं. चमक गेली तरी रेडियम उरतंच. असं घड्याळ घरी उघडू नका, रंग खरवडू नका आणि मुलांना खेळायला देऊ नका.

तेव्हा यंदा कपाट आवरताना रुमालातलं घड्याळ बाहेर काढा, पण सोनाराकडे नेण्यापूर्वी एकदा जाणत्या घड्याळजीला दाखवा. ते कुणाचं, कधी घेतलं, हे एका चिठ्ठीवर लिहून डबीत ठेवा. पुढच्या पिढीला घड्याळाबरोबर ती चिठ्ठीही हवी असेल, बरं का!